लाल फडक्यातले खिळे

इंग्रजी खिळ्यांच्या पेटीत अपॉस्ट्रॉफीचं घर रिकामं आहे हे कळलं, तो सोमवार होता. अर्जुनरावांनी बोट घालून पाहिलं. नुसती धूळ.

खामगावच्या एका छोट्या छापखान्यात ते खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. छापून झालेले खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचं काम त्यांच्या बायकोचं, मंजुळाबाईंचं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण खिळा बोटानं ओळखायच्या. आषाढात त्या गेल्या.

आता भाद्रपदात नारायणराव मास्तरांचं इंग्रजी प्रहसन छापायला आलं होतं. शनिवारी शाळेच्या गणपतीपुढे प्रयोग, तोवर पुस्तक हवं. नागपूरहून खिळे यायला आठ दिवस लागत.

"पूर्ण शब्द टाका नं," मालक वामनराव म्हणाले. "डोन्टच्या जागी डू नॉट. कोन पाहून राह्यलं?"

"माह्या नाटकातली बायको नवऱ्याशी भांडते," मास्तर म्हणाले. "डू नॉट म्हणाली तर तहसीलची नोटीस वाटंल. भांडताना माणूस अर्धे अक्षरं गिळते. गिळलं तिथं ती शेपटी पायजेच."

अर्जुनरावांना हसू आलं. मंजुळाबाईही भांडताना निम्मं गिळायच्या. उरलेलं शेजाऱ्यांना ऐकू जायचं. दोन महिन्यांत ते पहिल्यांदाच हसले.

स्वल्पविराम उलटा लावून पाहिला, तर शेपटी भलतीकडे वळली. मशीन चालवणारा कय्यूम मशीनखाली शिरून आला. काही सापडलं नाही.

दुपारी त्याची बायको इमामबी डबा घेऊन आली.

"काय हुडकून राह्यले?"

"इंग्रजीचे शेपटीवाले खिळे. हरवले," कय्यूम म्हणाला.

"हरवले कुठं? मंजुळावयनीनं बांधले नं दसऱ्याले."

तिनं दाराकडे बोट दाखवलं. दरवर्षी दसऱ्याला मंजुळाबाई मूठभर खिळे पुजायच्या आणि लाल फडक्यात बांधून वर्षभर चौकटीला टांगायच्या. कुठले, ते कोणी विचारलं नव्हतं.

"मले म्हने, कामाचे टांगले तर हे बोंबलतीन. जे बसून खातात त्यायलेच टांगते."

सगळे वर्षभर त्यांच्याच खालून ये-जा करत होते.

"दसऱ्याआधी सोडावं का?" वामनराव अडखळले.

"तिनं बांधले, मी सोडतो." अर्जुनराव स्टुलावर चढले. "बोलणे बसले तर मलेच बसतीन. सवय हाय."

खिळे हळदीकुंकवानं माखलेले होते. रॉकेलनं धुवायला हवे होते, पण त्यांनी तसेच जुळवले. पहिल्या कागदावर बायकोच्या तोंडचा प्रत्येक डोन्ट तांबूस शेपटी घेऊन आला.

"फेकू नका," मास्तर म्हणाले. "हा कागद मले पायजे."

"मिळनार नाही," अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

शनिवारी मांडवातल्या अर्ध्या लोकांना इंग्रजी येत नव्हतं. भांडण मात्र सगळ्यांना कळलं. अर्जुनराव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

खिळे धुऊन पेटीतल्या आपल्या घरात गेले. फडकं खुंटीला आहे. यंदाच्या दसऱ्याला त्यात कुठले खिळे बांधायचे, ते अजून ठरलेलं नाही.