नेमाचे उरलेले तीन दिवस

बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मी मत्स्योदरी देवीला चाळीस दिवसांचा नेम बोलले. पहाटे अंघोळ, सोवळ्यात चुलीवर शिजवलेला नैवेद्य, मग एक वेळ जेवण. लेक सुखरूप मोकळी झाली तेव्हा नेमाचे सात दिवस उरले होते. विटाळ नको म्हणून मी बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. जाऊ साळूबाई सगळं करायची, मी उंबऱ्याशी शेगडी सरकवून द्यायची. नातीला अजून हात लावला नव्हता.

चौथ्या दिवशी साळूबाई म्हणाली, "बाई, बाळाचे ओठ निळे पडू राह्यले. थंडी वाजली असंल. निखारे वाढवा."

मी वाढवले. वरून ओव्याची, लसणाच्या सालींची धुरी दिली. मनापासून दिली.

साळूबाई कपडे धुवायला गेली अन् कुंभार पिंपळगावाहून नर्स गिरिजाबाई आल्या. २००७ साल होतं. नव्या बाळांच्या तपासणीचं एक यंत्र त्यांना नुकतंच मिळालं होतं. त्याचा पट्टा बाळाच्या पायाला गुंडाळला की रक्तात प्राणवायू किती, त्याचा आकडा दिसे.

"काकू, ही बाळंतिणीची खोली हाय का गुऱ्हाळ?" त्या खोकत म्हणाल्या.

आकडा आला ब्याऐंशी.

"पंच्याण्णवच्या वर पाहिजे. धुरानं कमी येऊन राह्यला का दुसरंच काही, ते कळंना. बिनधुराची, उबदार जागा दाखवा. जल्दी!"

अशी जागा घरात एकच, गोबरगॅसचं स्वयंपाकघर. ह्यांनी मोठ्या हौसेनं बांधलेलं. लाकूड वाचतं, धूर होत नाही, हवा चांगली राहते, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पण त्या गॅसच्या टाकीला संडास जोडलेला. म्हणून देवीसाठी मी पडवीत चूल ठेवली होती. "तुझ्या देवीचे डोळे चुरचुरत असतील," असं हे चिडवायचे.

बेबीनंदा उठायला गेली अन् भिंत धरून खाली बसली. गिरिजाबाईंच्या हातात यंत्र. "काकू, घ्या बाळाला."

माझे हात पुढं होईनात. नेम बोलला तो ह्या जिवासाठीच. तो मोडला अन् तिला काही झालं तर?

"आई," बेबीनंदा रडवेली होऊन म्हणाली, "देवी रागावली तर माझ्यावर रागावंल. घे तिला."

मी उचललं. केवढीशी ती! अंग गरम, कपाळावर घाम. थंडी कुठं होती?

स्वयंपाकघरात सकाळच्या भाकरींची ऊब होती. धूर बिलकुल नाही. मांडीवर बाळ घेऊन मी आकड्याकडं बघत राहिले. परत ब्याऐंशी.

"धुराचं न्हाई, काकू. हृदयाचं असंल. आजच औरंगाबादला न्या."

"अहो, उद्या पाचवी…"

"पाचवी तिथं करा."

पाचवी दवाखान्याच्या खाटेजवळ केली, कागदावर सुपारी मांडून. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मतःच दोष आहे. अजून दोन दिवस घरी ठेवलं असतं तर हाती लागली नसती.

ऑपरेशन होऊन नात दीड महिन्यानं घरी आली. त्याआधी मी पडवीतली चूल मोडून, जागा सारवून घेतली. ती आल्यावर नेमाचे उरलेले तीन दिवस नैवेद्य गोबरगॅसवरच शिजवला.

पहिल्या दिवशी खीर ढवळत होते, तेव्हा हे दारात येऊन उभे राहिले. आता चिडवतील, असं वाटलं.

"हळू," ते म्हणाले. "भांडं वाजवू नको. आत्ताच झोपली."