रंगवलेलं कापड

बुद्धभूषणचं पत्र येऊन तीन महिने होत आले होते. निळं आंतरदेशीय पत्र, त्यावर आटपाडीचा शिक्का. आप्पासाहेबांनी ते सोल्डरच्या तारेच्या डब्याखाली ठेवलं. मग डबा उचलला की पत्र दिसायला लागलं, म्हणून त्यांनी सोल्डरच दुसऱ्या फळीवर नेली. डबा आणि पत्र जागेवर राहिले.

पत्रात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. बुद्धभूषणनं लिहिलं होतं, ‘आप्पाकाका, सप्रेम जयभीम. त्या कार्यक्रमात माझी गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजली. ऐकू येईना म्हणून मी जोर लावत गेलो, तसा ताल सुटला, तारही तुटली. इंद्रजितदादा म्हणतात, तुझा हात जड झाला. आता मलाही तसंच वाटतं. स्पीकरची पेटी तुमच्या हातची, तिच्यात दोष असणार नाही. तरी एकदा विचारतो, काही होतं का?’

उत्तर चार वेळा लिहायला घेतलं होतं. ‘तुझी प्रकृती ठीक असेल’ इथपर्यंत हात चालायचा, पुढं पेन नुसतंच कागदावर टेकायचं.

“बाडरवर बावीस वर्षं वायरलेस दुरुस्त केलं,” त्यांची बायको आक्काताई म्हणायची, “आन घरातनं आटपाडीपतूर चार वळी जात न्हाईत तुमच्या. यष्टीडीवरनं फोन तरी करा.”

“त्येच्या घरी फोन न्हाई.”

“शेजारी असंल की.”

“शेजाऱ्याला काय सांगू?”

यावर आक्काताई पाठ फिरवून आत जायची, आणि तेच आप्पासाहेबांना जास्त लागायचं.

पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्याच्या एसटी स्टँडमागच्या बोळात हे दुकान थाटलं होतं. रेडिओ, टेप दुरुस्त करायचे आणि स्पीकरच्या पेट्या बनवायच्या. पेट्यांसाठी लोक वडूजवरून, विट्यावरून यायचे. आप्पासाहेब स्वतःला कारागीर म्हणवून घेत नसत. मापं पुस्तकात असतात, आपण नुसती करवत धरतो, असं म्हणत. पण पेटी गाडीत चढली की रस्त्याच्या वळणापर्यंत बघत उभे राहत.

त्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली आणि इंद्रजित उतरला. बुद्धभूषण गिटार वाजवायचा तो ऑर्केस्ट्रा त्याचाच. सांगलीपासून म्हसवडपर्यंत कुठल्याही जत्रेत त्याच्या नावाचं पोस्टर सापडायचं. जीपच्या मागच्या बाजूला तीच काळी पेटी होती. आप्पासाहेबांनी ती लांबूनच ओळखली आणि उगाच स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले.

“आप्पा, पेटी उतरवून घेतो. मापाला आणलीय. अशा आणखी तीन करायच्यात.”

“तीन?”

“व्हय. ष्टेजवर मागं भिंत हुबी करायची. टीव्हीवरल्या बँडवाल्यांचं कसं असतंय, तसं.”

मंचावरच्या दिखाव्याचं हे वेड जुनंच होतं. गेल्या वर्षी बुद्धभूषणनं पुण्यातून पायानं दाबायची एक जुनी इलेक्ट्रॉनिक डबी आणली होती. गिटारची वायर डबीत घालायची, मग गिटारच्या मोठ्या पेटीतून जसा भरदार आवाज निघतो तसा ती स्वतःच तयार करून द्यायची. तिला पुढं जुन्या पद्धतीची गिटारची पेटी चालत नव्हती. खर्जापासून झांजेपर्यंत सगळं जसंच्या तसं वाजवणारी, फुल रेंज पेटी लागायची. खाली मोठा स्पीकर, वर बारीक आवाजाचा पांढरा हॉर्न. आवाज उत्तम निघाला. पण ती पेटी मंचावर ठेवली तेव्हा एका गावचे जत्रा कमिटीवाले म्हणाले होते, “गिटारवाला आणलाय का लग्नात रेकार्ड लावणारा?”

तेव्हा इंद्रजित म्हणाला होता, “आप्पा, आतनं हीच ठेवा, आन वरनं गिटारची पेटी दिसंल आशी करा.”

आप्पासाहेबांनी तशी केली. काळं रेक्झिन चढवलं, ट्रंका बनवणाऱ्याकडून पत्र्याचे कोपरे आणून ठोकले. वरच्या पट्टीवर मोडक्या रेडिओची सहा बटणं बसवली. ती फिरायची, पण आत कशालाच जोडलेली नव्हती. पुढच्या चौकटीला पातळ काळं कापड ताणलं. सगळं जमलं होतं. पण दिव्याचा उजेड पडला की कापडामागून हॉर्नचं पांढरं तोंड दिसायचं.

“त्ये दात काढतंय बघा,” इंद्रजित म्हणाला. जीप उभी होती, कार्यक्रम त्याच संध्याकाळचा होता.

आप्पासाहेबांनी कापडावर काळा रंग मारला, एक हात, मग दुसरा. चौकट उन्हात वाळत असताना तिकडं बिनचौकटीची पेटी लावून पाहिली. आवाज लख्ख होता. रंग सुकल्यावर चौकट स्क्रूनं बसवली आणि पेटी जीपमध्ये चढवली. चौकटीसकट तिला कुणी ऐकलंच नव्हतं.

“आन बुद्धभूषण?” आप्पासाहेबांनी आत्ता विचारलं. विचारताना ते पेटीकडं बघत होते, इंद्रजितकडं नाही.

“त्यो सुटला की. कीबोर्डवालाच गिटारचा आवाज काढतोय, लोकांस्नी कळत बी न्हाई. त्यो चुलत्याच्या दुकानात बसतोय. गिटार इकायला काढलीय म्हणं, रविवारी जतचं गिऱ्हाईक येणार हाय.” इंद्रजितनं पेटीवर थाप मारली. “आन ह्या तीन पेट्यांत काय घालू नका. निस्त्या पेट्या. वजन कमी, जीपला बरं.”

रविवार. आज मंगळवार होता.

आप्पासाहेब पेटीपुढं उकिडवे बसले. पलटणीत असताना एका मद्रासी सुभेदारानं त्यांना एक साधी गोष्ट शिकवली होती: स्पीकरवर कापड घालायचं तर आधी तोंडाजवळ धरून फुंकायचं. फुंकर पलीकडं गेली तर आवाजही जातो. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक कापड फुंकून घेतलं होतं. हेही घेतलं होतं, रंग मारण्याआधी.

त्यांनी तोंड कापडाला लावलं आणि फुंकलं. ऊन श्वास सगळा परत त्यांच्याच गालावर आला.

“काय करताय आप्पा, मुका घेताय व्हय तिचा?”

फळीवर बुद्धभूषणच्या एका कार्यक्रमाची कॅसेट होती, ती आप्पासाहेबांनी टेपला लावली आणि टेप पेटीला जोडला. गिटार वाजायला लागली. आवाज भिंतीपलीकडून यावा तसा, दबका. मग त्यांनी स्क्रू काढायला घेतले. शेवटचा स्क्रू फिरेना. आक्काताई आतून आली आणि तिनं चौकट धरली. चौकट बाजूला झाली.

आणि दुकानात गिटार आली. प्रत्येक तार सुटी, तारेवर घासलेलं बोटसुद्धा ऐकू येईल इतकी.

आक्काताईनं चौकट परत पुढं धरली, काढली, पुन्हा धरली. इंद्रजित पान चघळायचा थांबला होता.

“पोराचा हात जड नव्हता,” आप्पासाहेब म्हणाले. “माझा रंग जड व्हता. भोकं बुजली समदी. मी हॉर्न रंगवायचा सोडून कापड रंगवलं.”

“आवं, मी घाई केली म्हणून...”

“तू म्हणलास दिसाय नको. कसं, त्ये माझं काम व्हतं.”

इंद्रजितनं मान खाली घातली, पण क्षणभरच. “आता त्येचं काय, आप्पा? कीबोर्डवाल्याला महिना बांधून घेतलाय. त्येला काढू का?”

“काढ म्हणत न्हाई मी.”

“मग?”

“मग काय न्हाई. तुला ठावं आसावं, येवढंच. गावात हात जड, हात जड म्हणत फिरतूयास, त्ये बंद कर.”

आप्पासाहेब एवढं सरळ कुणाला बोलले की नंतर दिवसभर त्यांना पस्तावा व्हायचा. आत्ताही इंद्रजित रागावेल, कापड रंगवणारा मिस्त्री म्हणून साऱ्या तालुक्यांत नाव घेईल, असं वाटत होतं. त्यांनी कात्री घेतली आणि रंगवलेलं कापड चौकटीवरून कापून काढलं. ब्रश घेऊन हॉर्नचं पांढरं तोंड आतून-बाहेरून काळं केलं. आक्काताईनं ठेवणीतलं पातळ कापड आणलं, ते त्यांनी फुंकून घेतलं. दोन तासांचंसुद्धा काम नव्हतं. हेच त्यांना सहन होईना.

रंग वाळेपर्यंत इंद्रजित बाहेर जीपमध्ये बसून होता. पेटी चढवताना म्हणाला, “आन त्या तीन?”

“त्या सुताराकडनं घे गड्या.”

“राग आला व्हय?”

“न्हाई रं. आत काय न्हाई, तर माप कशाला धरून करायचं? मला जमायचं न्हाई.”

इंद्रजित हसला, बहुधा म्हातारा विनोद करतोय असं वाटून. जीप गेली. आज आप्पासाहेब वळणापर्यंत बघत राहिले नाहीत. ते आत येऊन स्टुलावर बसले, उठले, दारापर्यंत गेले, परत आले. आक्काताईनं त्यांच्यापुढं पाटावर कागद ठेवला आणि पेनचं टोपण काढून दिलं.

‘चि. बुद्धभूषण, सप्रेम जयभीम. काही होतं का, असं तू विचारलं होतंस. होतं. चूक माझी होती, तुझ्या हाताची नव्हती. हे मला तुझं पत्र आलं त्याच दिवशी उमगलं होतं. तीन महिने लिहिलं नाही, ही दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी आहे. इंद्रजितच्या इथं आता जागा नाही, ते मी खोटं सांगणार नाही. गिटार विकायची का ठेवायची हे तू ठरव. पण हात गेला म्हणून विकू नकोस. सोबत कापडाचे दोन तुकडे आहेत. एक मी रंगवलेला, एक साधा. दोन्ही तोंडापुढं धर आणि फुंकून बघ.’

खाली सही केली. सही करून झाल्यावर ‘माफ कर’ असं लिहायचं राहिलं, हे लक्षात आलं. कागदावर जागा होती, पण त्यांनी लिहिलं नाही. ते मागणं झालं असतं, आणि हे उत्तर होतं.

पाकीट जाड झालं. हेडपोस्टात खिडकीवरच्या कारकुनानं ते दाबून बघितलं.

“राखी काय?”

“न्हाई. नमुना हाय कापडाचा.”

“जादा तिकीट लागंल.”

“लावा. शनवारच्या आत पोचंल न्हवं आटपाडीला?”

“पोचाय पायजे,” कारकून म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडं बघायला लागला.

बाहेर येऊन आप्पासाहेबांनी लाल पेटीवरची पाटी वाचली. पुढची डाक साडेचारला निघणार होती. त्यांनी पाकिटावरचा पत्ता एकदा वाचला, पिनकोड बोटानं मोजला, आणि पाकीट आत सोडलं. हात मात्र लगेच बाहेर काढला नाही. मागं एक बाई पोस्टकार्ड घेऊन उभी होती. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “बाबा, जरा सरकता का?”

ते सरकले.