दुभाष्याचा ‘मी’

दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं. आरोपी म्हणाला, "मी चोरी केली," की आम्हीही "मी चोरी केली" असंच सांगायचं. साहेबांचा ‘मी’सुद्धा आमच्याच तोंडून. बावीस वर्षं मी रोज चोरही झालो आणि न्यायाधीशही. संध्याकाळी बायको विचारायची, "आज जेवायला कोण आलंय?"

त्या दिवशी पिंजऱ्यात माझा भाचा होता. सरकारी कचेरी जाळल्याचा आरोप, आणि आत एक पहारेकरी मेला होता. वकिलांनी आधीच सांगितलं होतं, "माफी मागितली तर जन्मठेप. नाहीतर फास." नात्यातला दुभाषी कोर्टाला चालत नाही, पण आमचं नातं साहेबांना ठाऊक नव्हतं आणि मी तोंडाला कुलूप लावलं होतं. ताई मागच्या बाकावर बसली होती. सकाळीच तिने माझा हात धरला होता. "तुझ्या हातात आहे रे. काहीही कर, पण वाचव."

"तुला काही सांगायचंय?" साहेबांनी विचारलं. मी ते आमच्या भाषेत सांगितलं.

भाचा ताठ उभा राहिला. "परक्यांचं हे कोर्ट मी मानत नाही. आमचा न्याय आम्ही करू."

साहेबांकडे वळून मी त्यांच्या भाषेत म्हणालो, "माझं चुकलं. मी कोर्टाची माफी मागतो."

साहेबांनी मान डोलावली आणि टाक उचलून लिहायला घेतलं. तेवढ्यावर निभावलं असतं.

"मामा, राहू दे," भाचा हळूच म्हणाला. मग साहेबांच्या भाषेत, एकही चूक न करता, त्याने आपलं बोलणं पुन्हा सांगितलं. पोराला कोर्टात कारकुनी मिळावी म्हणून मांडीवर बसवून ती भाषा मीच शिकवली होती. मेल्याने उच्चारसुद्धा माझेच उचलले होते.

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. मला नंतर बघून घेणार होते, पण आधी निकाल ऐकवायचा होता आणि दुसरा दुभाषी रजेवर होता.

ताईला साहेबांची भाषा येत नव्हती. मी काय सांगितलं आणि पोराने ते कसं खोडून काढलं, ते तिला कळलंच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे आशेने बघत होती. सवयीने शब्द आले.

"मी तुला फाशीची शिक्षा देतो."

ताईने साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही.