सहा डावीकडे, चार वर

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या पॅकिंग कारखान्याच्या वरच्या मजल्यावर दहा मीटरची शूटिंग रेंज आहे. सहा लेन, पाच एअर रायफली आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो. तिथे उशिरा आलेलं चालतं, भांडलेलं चालतं, डबा उघडून सुकटीची चटणी खाल्लेलीही चालते. फक्त रायफलीच्या मागच्या साईटच्या नॉबला हात लावलेला चालत नाही. तो हात बाळाकाकांचा, बाकी कुणाचा नाही.

ज्यांनी रायफल कधी हातात धरली नाही त्यांना सांगायला हवं. मागे डोळ्याशी एक बारीक भोक असतं, पुढे नळीच्या टोकाला एक कडं, आणि पलीकडे टार्गेटचा काळा गोळा. तिन्ही एकात एक नीट बसले तरी छर्रा बाजूला जात असेल, तर नॉब फिरवायचा. नॉब क्लिक करतो आणि छर्रा केसभर सरकतो. एक नॉब डावी-उजवीकडचा, एक वर-खालचा. असं करत करत छर्रा मधोमध आणायचा, त्याला रायफल झिरो करणं म्हणतात. बाकी ठिकाणी ज्याचं तो करतो. पण इथे रायफली पाच आणि मुलं चाळीस. एका वर्षी एकाने नॉब फिरवला, दुसऱ्याने आणखी फिरवला, तिसऱ्याने उलटा फिरवला, आणि त्या वर्षीच्या स्पर्धेत रेंजच्या क्लबची अशी काही वाट लागली की विचारू नका. तेव्हापासून दर शनिवारी बाळाकाका वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, पाच-पाच छर्रे मारून प्रत्येक रायफल स्वतः झिरो करायचे. मग बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका नॉबवर आणि त्याच्यासमोर एक बॉडीवर. ठिपक्याला ठिपका भिडलेला असला की रायफल बरोबर. पोरं त्याला काकांचा ठिपका म्हणायची.

बाळा गावडे मूळचे देवगडकडचे, जन्म वाकोल्यातला. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि पन्नाशीचा धडधाकट माणूस खिडकीपाशी जो बसला, तो तिथेच संपला. काका स्वतः मरोळच्याच एका टूलरूममध्ये तेहतीस वर्षं फिटर. निवृत्त झाले तेव्हा त्या खिडकीची त्यांना भयंकर धास्ती होती. क्लबची एक रायफल दुरुस्त करायला म्हणून आले, आणि गेली अकरा वर्षं घरी काही गेले नाहीत, असं त्यांची बायको, नलिनीकाकू म्हणायच्या.

कल्पिताला रायफल निवडून दिली ती काकांनीच. ही माहुलच्या कोळीवाड्यातली पोर. तिची आई मंजुळा मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात बोंबील, जवळा घेऊन बसायची. कॉलेजात एनसीसीमध्ये पोरीला बंदूक आवडली, आणि आईच्या टोपल्यांपासून ही रेंज दहा मिनिटांवर. पहिल्या दिवशी तिने सगळ्यात नवी, चकचकीत निळी रायफल उचलली.

"ठेव ती," काका म्हणाले. "रंग बघून साडी घेतात. डोळे मिट."

"मिटू?"

"मिट गो. आता खांद्याला लाव, गाल टेकव, आरामात. झालं? आता उघड. भोकातून काय दिसतं?"

"भिंत," कल्पिता म्हणाली.

चार रायफली अशा झाल्या. कुठे भिंत दिसली, कुठे पंखा. पाचवी सगळ्यात जुनी, लाकडी दस्त्याची, गालाच्या जागी काकांनी रबराचा तुकडा चिकटवलेली. तिने डोळे उघडले आणि ती हसायलाच लागली. "काका, काळा गोळा! बरोबर मधे!"

"मग ती तुझी," काका म्हणाले. "जिला शोधावं लागत नाही ती आपली. आणि नॉबला हात लावलास तर हात मोडून ठेवीन."

तीन वर्षांत कल्पिता कुठल्या कुठे पोचली. यंदा राज्य स्पर्धेसाठी पात्र ठरायला साठ छर्‍यांत सहाशे पाच गुण हवे होते. छर्रा अगदी मधोमध लागला तर दहा पूर्णांक नऊ. तिची सरावातली मजल सहाशे चार ते सहाशे आठ. म्हणजे जमलं तर जमलं, नाहीतर वर्ष गेलं. आणि मंजुळाने स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा झाला तं झाला, नाय तं टोपली घे नि बस माझे बाजूला." पोरीवर राग नव्हता तिचा. तिचे गुडघे गेले होते, एवढंच.

आता काकांच्या डोळ्याचं. डावा डोळा लहानपणापासून अधूच होता. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्या उजव्यात गेलं वर्षभर धुकं साचत होतं. नलिनीकाकूंनी हजारदा सांगितलं, "अहो, मोतीबिंदू असतलो. दाखवून या जरा." काका म्हणायचे, चष्मा पुसायला हवा. डॉक्टर म्हणणार ऑपरेशन, क्लबवाले म्हणणार काका आता आराम करा, आणि मग राहिली खिडकी. त्यापेक्षा नकोच ते. रायफल झिरो करताना ते नकळत मान थोडी कलती करायचे. भोकाच्या एका कडेने काळा गोळा जरा स्वच्छ दिसायचा. दिसतंय की, म्हणायचे स्वतःशी. काम चालतंय.

पात्रता स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र त्यांचा धीर सुटला. पाच छर्रे मारून कागद आणला आणि भोकं दिसेनात म्हणून बोटाने चाचपली. बोटाला कळत होतं ते डोळ्याला कळलं नव्हतं. पाचही भोकं दोन बोटं जागेत पसरली होती. काका स्टुलावर बसले. इतकी वर्षं या हातांनी मिलीमीटरचा हजारावा भाग मोजला, आणि आता आपण पोरीला बुडवणार, या विचाराने त्यांना घाम फुटला.

सुयोग तेवढा रेंजवर होता. बँकेत नोकरी करणारा, चाळिशीचा, साधा माणूस, स्वतः बरा नेमबाज, रायफलही स्वतःची. काकांनी त्याला हाक मारली.

"सुयोग, कल्पिताची रायफल आज तू झिरो कर. माझी मान आखडलीय."

सुयोगने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि रायफल उचलली. अर्ध्या तासाने कागद आणून दिला. काकांनी बोट फिरवलं. पाच छर्‍यांचं मिळून एकच भोक, बरोबर मधे. त्यांनी जुने ठिपके खरवडले, नवे लावले आणि म्हणाले, "हे कुणाला बोलू नकोस. तिला तर नाहीच नाही." त्या रात्री त्यांना झोप छान लागली.

रविवारी सकाळी बोरिवलीच्या हॉलमध्ये स्पर्धा. काकांनी रायफल कल्पिताच्या हातात दिली. "घे. झिरो आहे."

"हो काका," ती म्हणाली आणि पाया पडून आपल्या लेनवर गेली.

मागे प्रेक्षकांच्या खुर्च्यांत काका बसले, शेजारी मंजुळा, जरीकाठी लुगडं आणि केसांत अबोली, लग्नाला आल्यासारखी नटून. प्रत्येक लेनवर एक स्क्रीन होता, छर्रा कुठे लागला ते दाखवणारा. आधी पंधरा मिनिटं सरावाची, त्यातले छर्रे गुणात धरत नाहीत. मग खरे साठ. आणि एकदा सुरू झालं की कुणी बोलायचं नाही, ही सक्त ताकीद.

सगळे तयार उभे. हॉल चिडीचूप. तेवढ्यात काकांच्या कानांनी एक आवाज टिपला. फिटरचे कान ते, डोळ्यांसारखे नव्हते दगा देणारे. क्लिक. क्लिक. सहा वेळा. मग थांबून चार वेळा. कल्पिताच्या लेनवरून.

काकांचं डोकंच फिरलं. नॉब? हिने नॉबला हात लावला? आज? अगं, तीन वर्षं काय शिकवलं मी तुला! उठून ओरडावं असं वाटलं त्यांना. पण शिटी झाली आणि छर्रे सुटायला लागले.

स्क्रीनवर ठिपके उमटत होते, एवढं काकांना दिसलं. कुठे, ते दिसेना. डोळे बारीक केले, मान कलती केली. धुकं ते धुकंच. कल्पिताने पाच मारले आणि थांबली. रायफल खाली घेतली, पाय सरकवून उभी राहिली. परत मारला. परत पाय बदलला. सरावात जो उभं राहणंच बदलायला लागतो तो संपलाच म्हणून समजा.

शेवटी त्यांनी मान वळवून मंजुळाच्या कानाशी तोंड नेलं. आयुष्यात पहिल्यांदा बाळा गावडेंनी कुणाला तरी ते विचारलं.

"कुठे लागताहेत गो? मला दिसत नाही."

मंजुळा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. टार्गेटातलं तिला काही कळत नव्हतं, पण मासळी बाजारात बसणारी बाई, नजर तिची तयार. हळूच म्हणाली, "सगले एके जागेला हान. पन मधी नाय. वरती, डावीकरं. घड्यालान दहा वाजतान ना, थय."

सगळे एका जागी. म्हणजे पोर चुकत नाही, साईट चुकतेय. डावीकडे आणि वर. काकांनी मनात मोजलं. किती क्लिक? सहा डावीकडे. चार वर.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

तिने ते क्लिक आज घाईत दिले नव्हते. न बघता, न अडखळता दिले होते, रोज घराचं कुलूप उघडावं तसे. म्हणजे रोज द्यायची ती. काकांच्या झिरोने छर्रा खाली उजवीकडे जायचा, म्हणून सहा डावीकडे, चार वर. आणि सराव संपला की तेवढेच उलटे फिरवून, ठिपक्याला ठिपका भिडवून रायफल परत ठेवायची. काकांना कळू नये म्हणून! आज रायफल खरंच झिरो होती, आणि हे तिला सांगितलं नव्हतं ते काकांनीच. आपलं झाकून ठेवायला. कर्म माझं!

काकांना रडूच यायला लागलं. पण रडायला वेळ कुठे होता? स्क्रीनवरच्या घड्याळात किती मिनिटं उरलीत तेही दिसत नव्हतं. तिकडे पोर तिसर्‍यांदा पाय बदलत होती. रायफल काकांनी झिरो केलीय, क्लिक नेहमीचे दिलेत, म्हणजे चूक माझीच, असंच ती धरून चालली असणार. काका उठून उभे राहिले. मागच्या माणसाने "ओ, बसा ना!" म्हणून शर्ट ओढला. ते बसले नाहीत. शेवटी कल्पिताने मागे वळून पाहिलं. चेहरा रडवेला झाला होता तिचा.

बोलायला बंदी होती. काकांनी उजवा तळहात उचलून आपल्या उजव्या डोळ्यावर झाकण ठेवल्यासारखा धरला आणि सगळ्या हॉलसमोर मान हलवली. नाही. दिसत नाही. मग सहा बोटं दाखवली आणि हात तिच्या उजवीकडे नेला. चार बोटं दाखवली आणि हात खाली आणला. मग दोन्ही हात छातीशी नेऊन मान डोलावली. माझं चुकलं, पोरी, तुझं बरोबर आहे.

एक पंच त्यांच्याकडे यायला लागला, तसे ते निमूट खाली बसले.

कल्पिता तशीच बघत राहिली. मग तिने बाहीने डोळे पुसले, वळली आणि नॉबला हात घातला. काकांनी कान दिले. छर्‍यांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. पण पुढचा छर्रा सुटला आणि मंजुळाने त्यांचा हात गच्च धरला. "मधी, भाऊ. मधीच."

पुढचा सव्वा तास मंजुळा प्रत्येक छर्रा त्यांच्या कानात सांगत होती. मधी. मधी. जरासा खाली. मधी. काकांना वाटलं, इतकं स्वच्छ आपल्याला वर्षभरात दिसलं नव्हतं.

सहाशे सहा पूर्णांक तीन.

मंजुळाने हॉलमध्येच अशी आरोळी ठोकली की तोच पंच पुन्हा धावत आला. कल्पिता रायफल घेऊन बाहेर आली आणि काकांसमोर मान खाली घालून उभी राहिली, चोरी पकडल्यासारखी.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"गणपतीपासून. आधी दोन क्लिक होते, काका. मग वाढत गेले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही शनिवारी किती मन लावून करता," ती म्हणाली. "तुमचा ठिपका मला हलवायचा नव्हता."

"बाकीची पोरं?"

कल्पिता हळूच म्हणाली, "सगळेच करतात. सराव झाला की सगळेच परत फिरवून ठेवतात. कुणी विसरला तर ओरडा खातो."

काका भिंतीला टेकले. चाळीस पोरं. रोज संध्याकाळी चाळीस पोरं त्यांची लाज राखत होती आणि ते मात्र नॉबला हात लावाल तर हात मोडीन म्हणत फिरत होते. मंजुळा पदराने त्यांचा घाम पुसायला लागली तेव्हा भानावर आले.

"उद्या नलिनीबरोबर डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो," ते म्हणाले. "आणि ऑपरेशन झालं की येतो. हाकलून दिलंत तरी येतो."

"कोण हाकलतंय!" कल्पिता म्हणाली.

काकांनी खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली, नखाने नॉबवरचा ठिपका खसाखसा खरवडला आणि बाटली तिच्या हातात ठेवली. "तुझी रायफल, तुझा झिरो. लाव."

तिने बाटली उघडली. काकांनी रायफल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली, जराही हलू न देता. तिने ब्रश टेकवला.

"लागला काय गो?" काकांनी विचारलं.

"लागला, काका."

"सरळ आहे?"

"एकदम सरळ," कल्पिता म्हणाली. ठिपका वाकडाच लागला होता. मंजुळाने तो बघितला आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.