एका चादरीचा दर

इस्पितळाच्या चादरी धुण्याचं कंत्राट अकरा वर्षं माझ्याकडे आहे. दरवर्षी पाकिटात एकच आकडा घालायचा, एका चादरीचा दर. ज्याचा सगळ्यात कमी, त्याला काम. आणि मग वर्षभर तोच दर. पूर्वी भाव वाढायचे, पण शहाण्यासारखे वाढायचे. आम्हा चौघा लाँड्रीवाल्यांच्या आकड्यांत चिल्लरचा फरक निघायचा. जिंकलो की मी बाकीच्या तिघांना चहा पाजायचो.

यंदा साबणाचा भाव महिन्यात तीनदा बदलला. दोनदा वर, एकदा खाली. खाली आला तेव्हा मी जास्त घाबरलो. पुढच्या महिन्यात काय होईल, असं दुकानदाराला विचारलं.

"संध्याकाळचं विचारा," तो म्हणाला, "तेवढं सांगतो."

चार दिवस बायको आणि मी त्या आकड्यावरून भांडलो.

"तीस लिहा," ती म्हणाली.

"तीस लिहिले तर काम गेलंच. मशीनचे हप्ते आहेत, सहा बायका कामाला आहेत. मग मशीनमध्ये काय, आपलेच कपडे फिरवू?"

"आणि कमी लिहिलंत, तर वर्षभर पदरचं घालून लोकांच्या चादरी धुवाल."

शेवटी मी बावीस लिहिले. गेल्या वर्षी सोळा होते, त्यात थोडी भीती मिळवली. दुसरा काही हिशेब नव्हता.

आज सकाळी कारकुनाने पाकिटं फोडली. अडतीस. एकतीस. सत्तेचाळीस. मग माझं.

"बावीस." त्याने चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं. "बावीसच."

एरवी हरलेले तोंड वाकडं करतात. आज तिघेही माझ्याकडे मयताला आल्यासारखे बघत होते. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने, ज्याला आम्ही वस्ताद म्हणतो, माझा हात धरला तो सोडेचना. "सांभाळ रे बाबा," म्हणाला. चहाचं कोणी नाव काढलं नाही. माघार घेतली असती तर अनामत जप्त आणि पुढची पाच वर्षं दार बंद. मी सही केली.

जिन्यातच बायकोचा फोन आला.

"मिळालं?"

"मिळालं."

"दुसरा कितीवर होता?"

खोटं बोलायचं मनात होतं. पण इतका दमलो होतो की तेही जमलं नाही. "एकतीसवर," मी म्हणालो.

पलीकडे मशीन फिरत असल्याचा आवाज येत राहिला. तिचे तीस चालले असते, वर काम आपलंच राहिलं असतं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "येताना साबण घेऊन या. आज मिळेल तेवढा."