सुधारणेची संधी

पाणीपुरवठा कचेरीतल्या तक्रार खिडकीला जे भोक आहे, ते सुताराने कोणाच्या मापाने पाडलं हे आता कोणालाच ठाऊक नाही. बाहेर उभ्या माणसाला ते पोटाशी येतं आणि आत बसलेल्याला हनुवटीच्या खाली. त्यामुळे बाहेरचा वाकून बोलतो आणि आतला वाकून ऐकतो. एक नंबरच्या खिडकीवरचे गृहस्थ असे सव्वीस वर्षं वाकले. पाठीचा बाक रविवारीही जाईना, तेव्हा कचेरीने त्यांचं नाव ‘कमान’ ठेवलं. माणूस नाकासमोर चालणारा. फक्त नाक जमिनीकडे असायचं.

शेजारच्या खिडकीवर त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान अशी एक बाई होती. तिला सगळे दोन नंबर म्हणत आणि त्यात तिला काही गैर वाटत नसे.

एका सोमवारी नोटीस लागली. खिडक्या बंद होणार, तक्रारी फोनवर घेणार. त्यासाठी काचेची एक खोली आणि खोलीत एकच माणूस. दोघांपैकी एक तिथे जाईल, दुसरा घरी. मात्र त्याआधी दोघांनाही इतर खात्यांतल्या लोकांबरोबर दोन दिवसांचं प्रशिक्षण. विषय, ‘देहबोली आणि प्रभाव’. मग मुलाखत.

कमान एकावन्न वर्षांचे. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी. पाण्याच्या तक्रारी ऐकण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं, पण ते मात्र असं येत होतं, की नळातून नुसती हवा येते म्हणजे कुठला व्हॉल्व्ह आणि पाणी गढूळ येतं म्हणजे कुठला खड्डा, हे त्यांना समोरच्याच्या पहिल्या वाक्यात कळे. एवढ्या भांडवलावर एकावन्नाव्या वर्षी बाहेर कोण उभं करणार?

प्रशिक्षक गुळगुळीत होता. “तुम्ही तोंड उघडायच्या आधीच तुमचं शरीर बोलून मोकळं झालेलं असतं,” तो म्हणाला. मग कमानांना उभं करून त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. “काकांचं शरीर काय म्हणतंय? म्हणतंय, मला मारू नका.”

सगळे हसले. कमानही हसले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी इतकं शिकवलं: पाठ ताठ, तळवे उघडे, नजर तीन सेकंद. शिवाय समोरचा जे करेल ते आपणही हळूच करायचं, म्हणजे त्याला आपण आपलेसे वाटतो.

सुटताना दोन नंबर म्हणाली, “दादा, उद्या दांडी मारू या. पोराला ताप आहे, आणि ताठ उभं राहून माझ्या पोटऱ्या भरून आल्यात.”

“वेडी आहेस का? परवा मुलाखत आहे.”

“मुलाखतीत काय विचारणार? तळवे?”

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. कमान पहिल्या रांगेत बसले. शर्यतीत एकच घोडा आपल्यासमोर, आणि तोही तबेल्यात, या विचाराने त्यांना जरा बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. दोन दिवसांच्या चारही सत्रांना त्यांची हजेरीपटावर सही झाली. संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं. शेरा, ‘उत्कृष्ट’.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. कमान समोर बसले. तिने मान वळवली की यांनी वळवली, तिने बाही झटकली की यांनी हवेत झटकली.

“अहो, हे काय चाललंय?”

“जवळीक निर्माण करतोय.”

“मग इतकी वर्षं काय करत होता?” तिने घडी बाजूला ठेवली. “आणि मध्येच नजर का काढून घेता?”

“तीनच सेकंद ठेवायची असते. चौथ्या सेकंदाला ती धमकी होते.”

“मग आमच्या आईने लग्नात तुम्हाला धमकीच दिली म्हणायची. चांगली अर्धा तास देत होती.”

मुलगी दारातून म्हणाली, “बाबा, तुम्ही ओळखपत्रावरच्या फोटोसारखे दिसताय.”

बायको हसायची थांबली. “जमेल ना हो?”

कमानांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले.

“हात नका दाखवू. तोंडाने सांगा.”



मुलाखतीला साहेब एकटेच होते. आता यात एक गंमत अशी, की साहेबांचंही प्रशिक्षण आदल्या आठवड्यात झालेलं होतं. अधिकाऱ्यांची तुकडी, प्रशिक्षक तोच. उमेदवाराला मोकळं वाटावं म्हणून तो करेल ते करायचं, हे साहेबांनीही वहीत लिहून घेतलं होतं. साहेबांनी कोपर टेबलावर ठेवलं, कमानांनी ठेवलं. कमानांची मान जरा कलली, साहेबांनी कलती केली. ती पाहून कमानांनी आणखी कलती केली, तेव्हा साहेबही मागे हटले नाहीत. शिपाई चहा घेऊन आला तर दोन डोकी टेबलाच्या दोन बाजूंना जवळजवळ आडवी झालेली. दोघांनी एकाच वेळी हाताने ‘नको’ केलं.

शेवटी साहेबांचीच मान अवघडली. ती चोळत त्यांनी विचारलं, “नळाला नुसती हवा येते अशी तक्रार आली, तर काय कराल?”

कमान सगळं विसरले. नेहमीसारखे वाकले आणि बोलत सुटले: चढावरच्या गल्लीत सकाळी हवा आली तर काय, दुपारी आली तर काय, कुठल्या व्हॉल्व्हचं चाक उलटं फिरतं, कुठला नकाशात आहे पण जमिनीत नाही. साहेबही पुढे वाकून ऐकत राहिले. पाच-सात मिनिटं त्या खोलीत देहबोलीची कोणाला आठवण राहिली नाही.

“हे कुठे लिहिलेलं आहे?”

“कुठेच नाही, साहेब. डोक्यात आहे.”

“लिहून काढा,” साहेब म्हणाले. “सगळं.”

कमान तरंगत घरी गेले. दोन दिवस बसून त्यांनी चाळीस पानांची वही लिहिली आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. बुधवारी पत्र आलं. कमान यांना एका महिन्याच्या नोटिशीवर सेवामुक्त करण्यात येत होतं.

ते पत्र घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथला हेडक्लार्क त्यांच्याच वर्षी नोकरीला लागलेला, जुना दोस्त.

“माझी मुलाखत फसली का रे?”

“छे! साहेब खूश आहेत. वही तर झकास, म्हणाले.”

“मग?”

“बस आधी.” हेडक्लार्कने फाइल काढली. “नियम असा, की सुधारणेची पूर्ण संधी दिल्याशिवाय कायम माणसाला काढता येत नाही. तुला दिली. चार सत्रं, चार सह्या, वर उत्कृष्ट. तिची दोन सत्रं राहिली. तिला हात लावता येत नाही.”

“मग तिला परत पाठवा ना प्रशिक्षणाला.”

“त्या माणसाचा करार संपला.”

कमानांनी फाइल आपल्याकडे वळवली. “म्हणजे मी दांडी मारली असती—”

“तर दोघंही राहिला असतात. आमचीच पंचाईत.”

“हे तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू दांडी मारणारा माणूस आहेस का?” हेडक्लार्क दुखावल्यासारखा म्हणाला. “सव्वीस वर्षांत एक नाही तुझी.”

“प्रमाणपत्र परत देतो मी.”

“ते तुझंच आहे रे. सह्या आमच्याकडे आहेत.”

जिन्यात दोन नंबर उभी होती. डोळे लाल. “दादा, मी मुद्दाम नाही केलं. पोराची शपथ.”

“पोराची शपथ घेऊ नये,” कमान म्हणाले. “ताप उतरला का?”

“उतरला.”

“मग झालं तर.”

ती बाजूला सरकली, ते खाली उतरले. खिडकीशी रांग लागलेलीच होती. घरी त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने काही विचारायचं सोडून दिलं, तेव्हा तिला कळल्याचं त्यांना कळलं.

नोटिशीच्या महिन्यातही काम करावं लागतं. आठवडा गेल्यावर एक गृहस्थ भोकातून ओरडला, “आठ दिवस पाणी नाही! तुमची नोकरी घालवल्याशिवाय राहणार नाही मी!”

“कुठली गल्ली?” कमानांनी विचारलं.

त्याने सांगितली. सरकारी गोदामामागची, कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो ती. कमानांनी तक्रार नोंदवली, पावती फाडून दिली. “पंचेचाळीस दिवसांची मुदत असते.”

“आणि पंचेचाळीस दिवसांनी आलं नाही, तर कोणाला धरायचं?”

कमानांचे बावीस दिवस उरले होते. माणूस वाकून उत्तराची वाट बघत होता, त्याच्यामागे रांग वाढत होती.

“पुढचे कोण?” कमान म्हणाले.