शिंप्याच्या पोटातला शेजारी

मी एक जुना शेजारी आहे, मित्रांनो. जठराच्या पाठीमागे आडवा पडून असतो, म्हणून कुणाच्या नजरेस येत नाही. नाव स्वादुपिंड. अठ्ठावन्न वर्षं एका शिंप्याच्या पोटात पाचक रस करतो आहे. रस असा जहाल, की घासाचं पाणी करील; पण माझ्या घरात तो झोपलेला असतो. आतड्याचा उंबरा ओलांडला, की जागा होतो.

जवळच दोन बहिणी राहतात, अधिवृक्क ग्रंथी, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसून. संकट दिसलं की त्या हाका घालतात. एका हाकेनं काळीज धावतं. दुसऱ्या हाकेचं नाव कॉर्टिसॉल. ती योग्य वेळी आली तर सूज आवरते, आगीवर पाणी शिंपडावं तशी.

एका वर्षी शाळेच्या बँडचे साठ कोट शिवायला आले. शिंपी उभ्याउभ्या जेवू लागला. फोन वाजला, की हाक. सुई मोडली, की हाक. सहा महिने त्या बिचाऱ्या ओरडत राहिल्या आणि ऐकणाऱ्या पेशींचे कान किटले.

एके सकाळी पित्ताशयातला एक खडा घरंगळत आला आणि माझ्या दारात अडकला. रस आतच जागा झाला, माझंच घर खाऊ लागला. बहिणींनी जिवाच्या आकांतानं हाक दिली. पण रोजचीच हाक, कोण धावणार? सूज पसरत गेली.

शिंप्यानं पोट दाबून धरलं. मग गळ्यातला टेप काढून कमरेला लावला. दोन इंच जास्त भरले.

"टेप आटलाय," तो म्हणाला. "काल भिजला होता."

बायको काजं करत होती. तिनं टेप घेतला, कापायच्या टेबलाला लावला. टेबल नेहमीसारखं चार फूटच भरलं.

"टेप नाही आटला. तुमचं पोट फुगलंय. चला दवाखान्यात."

"अकरा कोटांच्या बाह्या राहिल्यात गं."

"बाह्यांत हात घालायला माणूस लागतो, आणि लावायलाही लागतो. चला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार खड्यानं झाला, ताणानं नव्हे. पण ताणानं शरीर आधीच दमलं असेल, तर सूज आवरणं जड जातं. दुपारपर्यंत थांबला असतात, तर अवघड होतं." त्यांनी शिरेतून सलाइन दिलं, वेदना शमवली. मी हळूहळू निवलो. पुढे खड्यांची पिशवीही काढली.

बँडमधली अकरा मुलं बिनकोटाची वाजवायला उभी राहिली. सूर एकही कमी पडला नाही.

माझ्या अंगावर एक वण राहिला आहे, मित्रांनो. तुमच्या पोटातही माझ्यासारखा एक मुका शेजारी आहे. त्याच्या बहिणींना उगीच ओरडायला लावू नका. खरी आग लागेल, त्या दिवसासाठी त्यांचा आवाज राखून ठेवा. आणि पोट दुखून अंग वाकलं, तर टेपला दोष देत बसू नका.

आता जेवणाच्या वेळी बायको त्याच्या गळ्यातला टेप स्वतः काढते आणि गुणगुणते:

टेप खुंटीवर, सुई उशीवर,
घास ओठांवर, हळू हळू.

तो बसून जेवतो. बहिणी गप्प असतात. मी रस सोडतो, आणि उंबऱ्यापर्यंत तो झोपलेलाच असतो.